कौसामावशी, दोन कढया आणि एक घड्याळ

"कांदा चालते का तुमाले?"

शिरपूर जैनच्या बसथांब्यावर उतरून कौसामावशीच्या हॉटेलात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हा पहिला प्रश्न. नाव-गाव नंतर, पाणी नंतर, 'बसा' म्हणणं तर त्याहून नंतर. हायस्कुलात विज्ञान शिकवायला बदली होऊन मी त्या गावी पहिल्यांदा आलो, तेव्हा खांद्यावर बॅग, अंगावर रस्त्याची धूळ आणि पोटात सकाळपासून काही नाही, अशी अवस्था होती. समोर एक ठेंगणी, रुंद बाई झारा रोखून उभी आणि विचारते काय, तर कांदा चालतो का! मी वैतागून म्हणालो, "अहो, चालतो, पळतो, सगळं करतो. आधी काहीतरी खायला द्या!" ती हसली नाही. "मंग डावीकून बसा," म्हणाली आणि झाऱ्यानेच मला बाकडं दाखवलं.

भजी खाऊन जरा माणसात आलो तेव्हा भानगड लक्षात आली. गाव यात्रेचं. देवळाला लांबलांबचे जैन यात्रेकरू येतात. त्यांना कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि दिवस मावळल्यावर तर काहीच चालत नाही. गावातल्या आमच्यासारख्यांना मात्र कांद्याशिवाय भजं म्हणजे मिठाशिवाय वरण. म्हणून मावशीकडे चुली दोन आणि कढया दोन. उजवीकडची यात्रेकरूंची, डावीकडची गावाची. तेल वेगळं, झारे वेगळे, बेसनाची घमेली वेगळी, इतकंच काय, हात पुसायची फडकीसुद्धा वेगळी. मावशी स्वतः शेतकऱ्याघरची. कांदा ठेचल्याशिवाय तिला भाकर गोड लागत नसे. पण उजव्या कढईचा नेम तिने असा पाळला होता, की धर्मशाळेतली माणसं नव्या यात्रेकरूंना डोळे मिटून तिच्याकडे पाठवत.

मी एकदा तिला छेडलं. म्हटलं, "मावशी, एखादी कांद्याची पाकळी गेलीच चुकून, तर कोणाला कळणार आहे?"

"त्याईले नाही कळणार," ती म्हणाली. "ते कुठचे कोण, मले कधी पाह्यलं नाही, तरी माह्या हातचं खातात. मंग हाताचा काही भरवसा नको? जिभेले फसवता येते मास्तर, पण घास देणाऱ्या हाताले नाही फसवता येत."

मावशीची तळण्याची तऱ्हाही न्यारी. ती कढईकडे फारसं बघायचीच नाही. गिऱ्हाइकाशी बोलायची, रस्त्यावरच्या जीपवाल्याला शिव्या घालायची, नवऱ्याला हाका मारायची आणि मध्येच हात जाऊन नेमका घाणा काढायची. मिरचीचं भजं असो, मुगाचा वडा असो, कच्च्या केळीचे काप असोत, कधी कच्चं नाही, कधी करपलेलं नाही. "डोयानं तळणारा भजं जाळते," असं तिचं म्हणणं. "कानानं तळाव. कच्चं असलं की लय कलकल करते. शिजलं की आवाज उतरते. माणसाचं बी तसंच हाय." हे शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून म्हणायची, कारण मी फार बोलतो असं तिचं ठाम मत होतं.

एवढ्या तिखट कानाच्या बाईचा नवरा कानाने साफ गेलेला! श्रीरामकाका. दिवसभर एका कोपऱ्यात बसून कांदे चिरायचे आणि हसायचे. ते बहिरे होते हे एका अर्थी बरंच होतं म्हणा, कारण कौसामावशी घोरायची. अहो, घोरायची म्हणजे काय! दुपारच्या गाड्या गेल्या की ती बाकड्यावर गोणपाट अंथरून आडवी व्हायची आणि थोड्याच वेळात पलीकडच्या गल्लीत लोक एकमेकांना विचारायचे, गिरणी सुरू झाली का?

त्या घोरण्याची एक खोड होती. मध्येच ते बंद पडायचं. एकदम सामसूम. पोट हलायचं नाही, छाती हलायची नाही. आपण चहाचा कप तोंडाशी धरून बघतच राहायचं. आणि मग घशातून खर्रकन् मोठा आवाज यायचा, सगळं अंग हिसका द्यायचं आणि गिरणी पुन्हा चालू. एसटीची वाट बघणाऱ्या रिकामटेकड्यांनी यावरून खेळच काढला होता. मावशीचं घोरणं थांबलं की आपणही नाक दाबायचं आणि ती श्वास घेईपर्यंत दम धरायचा. सगळे हरायचे. मीसुद्धा हरलो आहे, आणि मी तर रोज सकाळी प्राणायाम करणारा माणूस!

एवढं झोपूनही मावशी दिवसभर पेंगायची. बोलता बोलता मान खाली यायची. कोणी टोकलं की म्हणायची, "वय झालं बापा. तेलाचा वास डोक्यात चढते." आम्हालाही ते पटायचं.

तिचा मुलगा विलास पुण्याला कंपनीत नोकरीला. एकदा सुट्टीवर आला, दुपारी आईला झोपलेली पाहिलं आणि पोरगा घाबरला. आम्हाला सवय होती, त्याला नव्हती. पुण्याला गेल्यावर त्याने कुठे कुठे वाचलं, कोणाकोणाला विचारलं आणि पुढच्या खेपेला आईसाठी एक स्मार्ट घड्याळ घेऊन आला. ते मनगटावर बांधून झोपलं की रक्तातला ऑक्सिजन मोजायचं आणि मावशीच्या मोबाइलमार्फत तो आकडा थेट पुण्याला विलासच्या मोबाइलवर जायचा. मावशीने दोन दिवस ते कौतुकाने मिरवलं, तिसऱ्या दिवशी कुरकुरायला लागली. "माह्या सासूनं एवढी पाळत ठेवली नाही माह्यावर, जेवढी या पोट्ट्यानं ठेवली!"

आणि एका सकाळी माझा फोन वाजला. विलास. "सर, आईचा ऑक्सिजन रात्री एकोणऐंशीवर गेला! मध्ये तर आकडाच येत नव्हता. तुम्ही आत्ताच्या आत्ता तिला दवाखान्यात न्या." मी तोंडही न धुता धावलो. मावशी बेसन भिजवत होती. मी तिला हाताला धरून मोटरसायकलवर बसवलं आणि गावातल्या दवाखान्यात नेलं. ती सगळ्या वाटेनं ओरडत होती, "अवो मास्तर, माहं बेसन भिजेल हाय तठी! मेली तर बेसन वाया जाईन!" नर्सबाईंनी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णवच. नर्सबाई हसायला लागल्या, मावशी हसायला लागली, आणि मी तोंड न धुतलेला, केस उभे राहिलेला, सगळ्यांच्या मध्ये उभा.

आता मी पडलो विज्ञानाचा मास्तर, असं सोडतो काय! मी तिचं मनगट हातात घेऊन बघितलं आणि मला कोडं उलगडलं. मावशीच्या डाव्या मनगटावर लहानपणी गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं, चांगलं दाट, हिरवंगार, भोवती टिपक्यांची रांग. घड्याळ बरोबर त्याच्यावर बसलेलं. हे घड्याळ कातडीत उजेड सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतं. मध्ये गोंदणाची शाई आली की ती उजेड खाऊन टाकते आणि घड्याळ काहीही बरळतं. त्यात मावशी ते बांगडीसारखं सैल घालायची, घट्ट बांधलं की हात सुजतो म्हणून. मी हे सगळं तिला सविस्तर समजावून सांगितलं.

"म्हंजे माह्या आजीनं हौसेनं गोंदवून आणलं, तवाच माहा श्वास अडकवून ठेवला म्हना की!" एवढाच तिने त्यातून अर्थ काढला.

मग घड्याळ गोंदणाच्या वर, कोऱ्या कातडीवर, जरा घट्ट बांधायचं ठरलं. आणि काय आश्चर्य, दुसऱ्या दिवसापासून आकडे एकदम शहाण्यासारखे. रोज पंचाण्णव, शहाण्णव. विलासचे फोन कमी झाले. मावशीला तर चेवच चढला. आलेल्या गिऱ्हाइकाला आधी कांद्याचं विचारायची आणि मग मनगट पुढे करायची. "घड्याळानं पास केलं मले!" विलासने एकदा हळूच सुचवून पाहिलं, की आई, आता पुरे, पुण्याला चल, आराम कर. तिने फोनवरच उडवून लावलं. "पुण्यात कोणाले तळून घालू? तुह्या वाचमनले?"

घोरणं तसंच होतं. मध्येच थांबणं तसंच होतं. पेंगणं तर वाढलंच होतं. पण आकडा चांगला आहे म्हटल्यावर डोळ्यांना दिसतं त्याचा विचार कोण करतो? आम्ही सगळे सुशिक्षित-अशिक्षित त्या मनगटावरच्या काचेवर भरवसा ठेवून भजी खात राहिलो.

आणि मग तो दिवस आला. संध्याकाळ होत होती, उन्हं कलली होती. यात्रेकरूंची एक मोठी बस उशिरा पोचली होती आणि बाया-माणसं, म्हातारे, सगळे उजवीकडच्या बाकांवर दाटीने बसले होते. दिवस मावळायच्या आत चार घास पोटात जायला हवेत, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. डावीकडे आम्ही गावचे नेहमीचे. दोन्ही कढया पेटलेल्या आणि मध्ये मावशी. मी समोरच होतो. तिची मान किंचित खाली आली, हात मात्र सवयीने चालूच राहिला, आणि त्या हाताने डावीकडच्या घमेल्यातलं कांद्याचं बेसन उचलून उजवीकडच्या कढईत सोडलं.

कढईने आवाज केला आणि मावशी खाडकन् जागी झाली. कोणीही ओरडलं नव्हतं. यात्रेकरू आपापसात बोलत होते, त्यांचं लक्षही नव्हतं. उजव्या कढईतून ओल्या कांद्याचा चरचराट उठला, हे फक्त तिला कळलं. कारण ती कानाने तळत होती.

काय केलं असतं दुसऱ्या कोणी? झाऱ्याने ती दोन भजी उचलून टाकली असती आणि पुढचा घाणा सोडला असता. मावशीने चुलीतला जाळ बाहेर ओढला. उठून उभी राहिली, पदराने हात पुसले आणि जोडले. "तुमच्या कढईत माह्या हातानं कांदा पडला. आज अठी तुमाले तळेल काही भेटणार नाही. चुकी माही हाय."

एक म्हातारी यात्रेकरू बाई समजुतीने म्हणाली, "बाई, आम्ही तर काही पाहिलं नाही."

"मी आयकलं ना माय," मावशी म्हणाली.

तिने श्रीरामकाकांना खुणेने शेजारच्या दुकानात पिटाळलं. केळी आली, फुटाणे आले, दूध तापवलं, आणि मावळतीच्या आत एकूण एक माणसाला तिने स्वतः वाढलं. मंडळी आशीर्वाद देऊन गेली. मग तिने उजव्या कढईतलं सगळं तेल काढून टाकलं, राखेने कढई घासली, धुतली आणि भिंतीशी पालथी घातली. मला वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. माझ्यासमोर येऊन बसली, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मास्तर, हे म्हणते मी चांगली हाय. मी चांगली असती, तर हात चुकला नसता. उद्या मले वाशीमले घेऊन चला. माहाच मले भरवसा येत नाही, तवरोक हे कढई चुलीवर चढत नाही."

विलासला कळलं तेव्हा त्याने फोनवर सरळ सांगितलं, "आई, बस झालं. दोन्ही चुली विझव आणि इकडे ये." मावशीने नेहमीसारखं उत्तर दिलं नाही. "दवाखान्यात काय म्हणतात ते पाहू," एवढंच बोलली. तिच्याकडून असं मऊ बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

वाशिमला डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. मी त्यांना घड्याळाचे आकडे दाखवले, गोंदणाची कथा सांगितली, आणि वातावरण हलकं करावं म्हणून तो श्वास रोखायचा खेळही सांगितला. खेळ ऐकता ऐकता त्यांचं हसू गेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही सगळे हरता?" त्यांनी विचारलं. "आणि कोणाला हे सांगावंसं वाटलं नाही?" मी दाखवायला काढलेलं घड्याळ उचलून खिशात टाकलं. दुसरं काय करणार!

त्यांनी एका रात्रीसाठी तपासणीचं यंत्र घरी दिलं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कशी झाली झोप?" तर मावशी म्हणाली, "बैलाले येसण घालतात तशी घातली मले. एवढ्यातही झोपली, ते माह्या झोपेचं कौतुक."

निकाल वाईट होता. झोपेत मावशीचा श्वास पुन्हा पुन्हा अडकत होता आणि प्रत्येक वेळी ऑक्सिजन खाली जाऊन परत वर येत होता. मेंदू रात्रभर तिला हलवून जागं करत होता, तिच्या नकळत. दिवसा पेंगणं आलं होतं ते तिथून.

"मग घड्याळ शहाण्णव कसं दाखवत होतं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"ते अधूनमधून बघतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात स्थिर असला तर. श्वास अडकतो, ऑक्सिजन पडतो, परत चढतो, आणि घड्याळ त्यानंतर बघतं. त्याला काय दिसणार? घड्याळानं कमी दाखवलं तर तपासून घ्यावं, हे खरं. पण त्यानं चांगलं दाखवलं म्हणून घोरता घोरता श्वास थांबणाऱ्या माणसानं निर्धास्त राहू नये."

मावशी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "समजलं. घंट्यातून एकडाव कढईत डोकावून पाह्यलं, तर मधात किती घाणे जळाले ते कसं दिसन?"

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि तो पहिला एकोणऐंशीचा आकडा?" मी चिवटपणे विचारलं. "तो गोंदणामुळे होता, की खरा होता?"

"ते आता कोणीच सांगू शकणार नाही. गोंदणावरून आलेला आकडा होता, त्याच्या जिवावर काही बोलता येत नाही. कदाचित दोन्ही असेल." माझ्या शोधाचा त्या दिवशी असा निकाल लागला. मावशीने बाहेर पडताना माझी पाठ थोपटली. "जाऊ द्या जी मास्तर. तुमी बी हुशारच हाय, पण अधूनमधून."

उपाय होता एक यंत्र. रात्री नाकावर मुखवटा बांधायचा, नळीतून हवेचा दाब येतो आणि घसा मिटत नाही. विलासने ते पाठवलं. पहिल्या रात्री मावशीने ते फेकून दिलं. दुसऱ्या रात्री बांधलं आणि अर्ध्यात सोडलं. "हत्तीची सोंड कोणाले झेपन?" विलासने फोनवर प्रेमाने म्हटलं, "राहू दे आई, नाही जमत तर. तू आपली पुण्याला ये." झालं! तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "पुण्यापक्षा सोंड बरी." त्यानंतर तिने मुखवटा सोडला नाही.

आता मी निवृत्त होऊन कारंज्याला घरी आलो आहे. निरोपाच्या दिवशी मावशीने मला एवढी भजी बांधून दिली होती, की एसटीतल्या सगळ्यांना वाटूनही उरली. तिची आठवण निघाली की लोक मला घोरण्याचे किस्से सांगायला लावतात, आणि मी रंगवून सांगतो. पण एक सकाळ मी सहसा सांगत नाही.

मुखवट्याची सवय लागून थोडे दिवस झाले होते. मी नेहमीप्रमाणे चहाला गेलो. नुकतं उजाडलं होतं. मावशी पायरीवर बसली होती, हात मांडीवर, नुसती. बेसन नाही, झारा नाही, श्रीरामकाकांना शिव्या नाहीत. तिला अशी रिकामी बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. मी घाबरून विचारलं, "काय झालं मावशी? बरं नाही का?"

"मास्तर, एक इचारू? खरं सांगान?"

"विचारा की."

"तुमी सारे लोक रोज असेच उठता काय?"

"असेच म्हणजे?"

"असे हलके. डोकं दुखत नाही, आंग मोडत नाही, पुन्हा निजावंसं वाटत नाही." ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं. "रोज उठता असे?"

"हो मावशी," मी म्हणालो. "रोज."

तिचे डोळे भरून आले आणि लगेच तिला रागही आला. "मंग एवढी वर्षं मले कोणी सांगलं काहून नाही? मले वाटे, सकाळ अशीच असते!"

तिने पदराने डोळे पुसले, उठली, भिंतीशी पालथी पडलेली कढई सरळ केली आणि उजवीकडच्या चुलीवर चढवली.